फोर-व्हील कधी टाकायचं, कधी काढायचं?

पावसाळ्यातल्या शनिवारी सकाळी सोमाटणे फाट्यावर थोडा वेळ उभं राहिलं, तर जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या गाड्या किती बदलल्या आहेत ते दिसतं. थार, जिम्नी, गुरखा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ अशा उंच गाड्या एकामागून एक जातात. काही तळेगावावरून लोणावळ्याकडे, तर काही फाट्यावरून आत पवन मावळात वळतात. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या मागे ‘४×४’ अशी अक्षरं असतात. म्हणजे गरज पडली तर इंजिनाचा जोर चारही चाकांना देता येतो.

सोय चांगली आहे, पण ती वापरायची कशी हे गाडी घेताना फारसं कुणी शिकवत नाही. शोरूममध्ये पाच मिनिटांत दांडा किंवा बटण दाखवलं जातं आणि पुढचं शिक्षण थेट चिखलात होतं. मग दोन प्रकारच्या चुका होतात. काही जण गाडी पुरती रुतल्यावर फोर-व्हील टाकतात, तेव्हा उशीर झालेला असतो. काही जण पाऊस सुरू झाला की ओल्या डांबरावरच टाकतात आणि गाडी आता घसरणार नाही अशा समजुतीत वेग वाढवतात. पहिल्या चुकीत ट्रॅक्टर बोलवावा लागतो. दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो.

फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलायला मदत करते. गाडी थांबवायला ती जवळजवळ काहीच मदत करत नाही. असं का, हे साध्या गणितातून समजतं.

चढाचं आणि उताराचं गणित

चाक जमिनीला किती जोराने ढकलू शकतं हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतं: चाकावरचं वजन आणि जमिनीची पकड. कोरड्या डांबरावर ही पकड वजनाच्या सत्तर-ऐंशी टक्के असते. ओल्या मातकट मुरमावर ती तीस टक्क्यांपर्यंत उतरू शकते. त्यापेक्षा जास्त जोर दिला की चाक जागेवरच गरगरतं.

समजा, गाडी १,८०० किलोची आहे आणि वजन पुढच्या-मागच्या चाकांवर निम्मं-निम्मं आहे. समोर सुमारे १२ अंशांचा चढ आहे. मावळातल्या आडवाटांवर असा चढ काही नवलाचा नाही. शंभर मीटर पुढे गेल्यावर तो साधारण २१ मीटर वर नेतो. हा चढ चढायला सुमारे ३७५ किलोंचा जोर लागतो. फक्त मागची चाकं फिरत असतील, तर तीस टक्के पकडीवर जमीन जेमतेम २६५ किलोंचा जोर झेलते. चढावर थोडं वजन मागच्या चाकांवर सरकतं, ते धरलं तरी आकडा ३०० पर्यंतच जातो. गाडी चढणार नाही. चारही चाकं फिरू लागली की हाच आकडा सुमारे ५३० किलो होतो आणि गाडी आरामात वर जाते. फोर-व्हीलचा सगळा फायदा या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे.

आता तोच चढ उतरायचा आहे. ब्रेक कुठल्याही गाडीत चारही चाकांना लागतात, टू-व्हील असो की फोर-व्हील. म्हणून उतरताना जमिनीकडून मिळणारी पकड तीच, ५३० किलोंची. त्यातले ३७५ किलो गाडी खाली ओढली जाऊ नये यातच खर्च होतात. थांबण्यासाठी उरतात फक्त दीडशे-एक किलो. ताशी २० किमी वेगाने जाणारी गाडी याच मातीवर सपाटीला पाच मीटरमध्ये थांबते. या उतारावर तिला सुमारे १८ मीटर लागतात. पुढे वळण असेल आणि वळणापलीकडे दरी असेल, तर या १८ मीटरचा अर्थ वेगळा सांगायला नको.

म्हणजे ज्या चढावर मागची दोन चाकं गाडीला नेऊच शकली नसती, तिथे फोर-व्हील आपल्याला पोहोचवतं. उतरताना मात्र आपण सामान्य गाडीइतकेच असहाय असतो. म्हणून चढायच्या आधीच उतरायचा विचार करायचा.

डांबरी रस्त्यालाही हेच लागू आहे. ताशी ८० किमी वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबराची पकड चाळीस टक्के धरली तर हे अंतर ६३ मीटर होतं. त्याआधी धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी २२ मीटर पुढे गेलेली असते. यातल्या एकाही आकड्यात गाडी फोर-व्हील आहे की नाही याने फरक पडत नाही. फरक पडतो तो वेगाने आणि टायरच्या नक्षीने. घाटात धुकं उतरलं असेल तर त्यावरही उपाय एकच: वेग कमी आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त.

डांबरावर का टाकू नये?

गाडी वळते तेव्हा चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. बाहेरच्या बाजूची चाकं जास्त फिरतात, आतली कमी. हा फरक सांभाळायला दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल असतं. चालक त्याला ‘डिफ’ किंवा ‘मागचा गोळा’ म्हणतात. पण वळताना पुढची चाकंसुद्धा मागच्या चाकांपेक्षा मोठा वळसा घेतात, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही.

पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी अरुंद जागेत पूर्ण मागे वळवली, मागच्या चाकांचा वळसा ५ मीटर त्रिज्येचा धरला, तर मागची चाकं सरासरी १५.७ मीटर जातात आणि पुढची १७.५ मीटर. एका वळणात पावणेदोन मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. चाकाच्या पाऊण फेऱ्याएवढा.

थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या ‘पार्ट-टाइम’ प्रकारच्या गाड्यांत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट जोडले जातात. दोघांना सारखंच फिरावं लागतं. चिखलात किंवा सुट्या खडीवर हा फरक चाक थोडंसं घसरून भरून काढतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो फरक दांडे, गिअर आणि चेन यांच्यात पीळ होऊन साठत जातो. स्टीअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, टायर कुरकुरतात आणि दांडा पुन्हा टू-व्हीलवर येईना होतो. तरीही तशीच गाडी दामटली तर टायर लवकर झिजतात आणि महागडे भाग तुटू शकतात.

ओल्या डांबरावर पीळ थोडा कमी बसतो, पण गाडी वळायला नाखूश होते आणि पुढची चाकं सरळ घसरू पाहतात. पाऊस पडतोय एवढ्यावरून महामार्गावर फोर-व्हील टाकायचं कारण नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. एक्सयूव्ही ७००, ग्रँड व्हिटारा, हायरायडर यांच्या काही मॉडेलांत ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’ असतं. त्यात पुढच्या-मागच्या चाकांमधला फरक यंत्रणा स्वतः सांभाळते आणि ते डांबरावरही चालतं. मात्र त्यात खडकाळ चढासाठी लागणारा लो गिअर सहसा नसतो. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. तेवढं पान तरी घरी बसून वाचून घ्यावं.

दांडा टाकायची रीत

पार्ट-टाइम गाडीत मुख्य गिअरशेजारी छोटा दांडा असतो, किंवा डॅशबोर्डजवळ फिरवायची खुंटी अथवा बटण असतं. त्यावर टू-एच, फोर-एच, फोर-एल आणि काही गाड्यांत एन अशा खुणा असतात.

टू-एच म्हणजे नेहमीचं चालवणं. जोर दोनच चाकांना. डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक या सगळ्यांसाठी हेच.

फोर-एच म्हणजे नेहमीच्याच वेगाचे गिअर, पण जोर चारही चाकांना. चिखलाचा सपाट रस्ता, सुटी खडी, ओला मुरूम, वाळू यांसाठी. बहुतेक आधुनिक गाड्यांत टू-एचवरून फोर-एचवर चालत्या गाडीतही जाता येतं. त्यासाठी गाडी सरळ रेषेत हवी, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला हवा आणि एकही चाक गरगरत नसलं पाहिजे. पुस्तिकेत वेगाची कमाल मर्यादा दिलेली असते. ती बरीच जास्त असली तरी ताशी २०-३० किमीच्या वेगात, शांतपणे टाकलेलं उत्तम. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की काम झालं असं समजायचं. मागची चाकं गरगरत असताना दांडा ओढला तर दाते एकमेकांवर आपटतात. आधी पाय उचला, चाकं थांबू द्या, मग टाका.

फोर-एल म्हणजे लो. यात चाकांचा वेग दोन ते अडीच पट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. तीव्र चढ-उतार, मोठे दगड, खोल चिखल, रुतलेल्या गाडीला ओढून काढणं यासाठी. हा टाकायला गाडी पूर्ण थांबवावी लागते. काही गाड्यांत अगदी मुंगीच्या गतीने सरकत असताना टाकायला सांगितलेलं असतं. ब्रेकवर पाय, क्लच पूर्ण दाबलेला, ऑटोमॅटिक असेल तर मुख्य गिअर न्यूट्रलमध्ये, आणि मग दांडा एकाच ठाम हालचालीत. अर्धवट सोडायचा नाही. लोमध्ये ताशी ३०-४० किमीच्या पुढे गाडी पळवायची नाही.

एन, म्हणजे छोट्या दांड्याचा न्यूट्रल, फार धोक्याचा. दांडा तिथे राहिला की इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मुख्य गिअर पहिल्यावर असो की ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर असो, उतारावर ती निघून जाऊ शकते. म्हणून लोमध्ये जाताना आणि बाहेर येताना हँडब्रेक ओढलेला असावा, आणि गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं नसावं.

परत येताना क्रम उलटा. थांबून लोमधून फोर-एचवर, आणि पक्का रस्ता लागण्याच्या आधी, मातीवर असतानाच सरळ चालत फोर-एचवरून टू-एचवर. दांडा अडकला असेल तर ओढाताण करू नये. गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यावी. साठलेला पीळ सुटतो आणि दांडा बहुधा आपोआप मोकळा होतो.

जुन्या जिप्सीसारख्या काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या मध्यभागी फिरवायची कुलपं असत. खाली उतरून दोन्ही बाजूंची फिरवल्याशिवाय पुढची चाकं इंजिनाला जोडली जात नसत. अशी गाडी घेऊन कुणी निघालं असेल, तर ती कुलपं चिखलाच्या आधी फिरवावीत. गुडघाभर गाळात बसून ती शोधणं नको.

चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. आणि महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर काही किलोमीटर फोर-व्हीलमध्ये गाडी चालवावी. वर्षभर न हललेला दांडा नेमका गरजेच्या वेळी रुसून बसतो.

ट्रॅक्टरवाल्याला विचारा

फोर-व्हील टाकलं, चारही चाकांना जोर गेला, तरी गाडी जागची हलत नाही असं कधी कधी होतं. कारण तोच डिफरन्शियल. तो दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकलं किंवा पातळ गाळात गेलं, की त्याला फिरवायला जोर लागतच नाही. मग पलीकडच्या चांगल्या जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ काहीच मिळत नाही. पुढचं एक आणि मागचं तिरकं एक अशी दोन चाकं अधांतरी झाली, की फोर-व्हील गाडीसुद्धा जागेवर चाकं फिरवत बसते.

मावळातल्या ट्रॅक्टरवाल्यांना हे नवीन नाही. ट्रॅक्टरला टाचेने दाबायचं डिफरन्शियल लॉकचं पेडल असतं. भातखाचरात एक चाक गरगरायला लागलं की ते दाबायचं. दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. त्याचा नियमही त्यांना पाठ असतो: सरळ असतानाच दाबायचं आणि वळायच्या आधी सोडायचं. गुरखासारख्या काही गाड्यांत असंच लॉक पुढे आणि मागे मिळतं. इतर अनेक आधुनिक गाड्या गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावतात, म्हणजे जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. हे होताना करकर आवाज येतो. घाबरून पाय काढू नये. ॲक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवला की यंत्रणेला काम करायला एक-दोन सेकंद मिळतात.

मावळाची माती

लोणावळ्यात वर्षाला साधारण ४,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पुणे शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात पाऊस पाच-सहा पट होतो आणि पायाखालची जमीनही बदलत जाते.

मुरमाचा रस्ता पहिल्या पावसात बरा असतो. पाणी मुरतं, खडे पकड देतात. फोर-एच, दुसरा-तिसरा गिअर, स्थिर वेग एवढं पुरतं. त्यावर मातीचा थर आला आणि गाड्यांनी तो मळला, की रस्ता साबणासारखा होतो. तिथे धक्क्याने काही करायचं नाही: ना एकदम ब्रेक, ना एकदम जोर, ना झटक्यात वळण.

भातखाचरं पूर्ण टाळावीत. लावणीआधी शेतकरी चिखलणी करतो, ती मातीची घडण मोडून पाणी वर धरून ठेवण्यासाठीच. चाकाला पकड मिळू नये अशी जमीन कुणी मुद्दाम बनवायची ठरवली, तर ती अशीच असेल. त्यात शिरणं म्हणजे गाडी रुतवणं आणि कुणाचं तरी वर्षभराचं पीक व बांध मोडणं.

लोणावळ्याहून राजमाचीला जाणारी वाट दगडांची, ओहोळांची आणि चिखलाची आहे. अशा वाटेवर लो आधीच टाकून ठेवावा, दगडांच्या पट्ट्याच्या सुरुवातीला. मधे अडकल्यावर नाही. मोठ्या दगडावरून जाताना चाक दगडावर चढवावं. दगड दोन चाकांच्या मधे घेतला तर तो गाडीच्या पोटाला लागतो. अंगठे स्टीअरिंगच्या आत अडकवू नयेत. चाक दगडावर आपटलं की स्टीअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठ्याचं हाड मोडू शकतं.

उतारावर लो, पहिला गिअर, आणि क्लचवरून पाय पूर्ण बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ते धरणं चारही चाकांत वाटलं जातं, त्यामुळे एखादंच चाक अडकून घसरायची शक्यता कमी होते. क्लच दाबला की हा सगळा आधार एका क्षणात जातो. चढ अर्ध्यावर सुटला तर गाडी आडवी करून वळवायचा मोह टाळावा. उंच गाड्यांचा गुरुत्वमध्य वर असतो. ओल्या गवताच्या उतारावर आडवी झालेली गाडी कोलांटी खाते. रिव्हर्स गिअर टाकून, सरळ आरशात बघत, आलेल्याच चाकोरीने मागे यावं.

पाण्यापुढे कुणाचं चालत नाही

पकड म्हणजे वजनाचा हिस्सा, हे आपण वर पाहिलं. पाणी नेमकं वजनच काढून घेतं. चार मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद गाडीचा तळ धरला, तर तळाच्या वर चढणारं दर १० सेंटिमीटर पाणी तिला सुमारे ६८० किलोंनी उचलतं. १,८०० किलोंची गाडी तळापासून २६-२७ सेंटिमीटर पाण्यात तरंगायला लागते, तोवर आत पाणी शिरलं नसेल तर. जमिनीपासून तळाची उंची बावीस सेंटिमीटर धरली, तर हे पाणी अर्धा मीटरसुद्धा होत नाही. तरंगण्याच्या बरंच आधी चाकांवरचं वजन इतकं कमी झालेलं असतं, की वाहतं पाणी गाडीला बाजूला ढकलतं. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी बहुतेक एसयूव्हींना. चारही चाकं फिरत असली तरी त्यांना ढकलायला जमीनच उरत नाही.

शिवाय पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की नाही, हे वरून दिसत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बस नदीत गेल्या. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी किती झपाट्याने वाढतं हे त्या दिवशी साऱ्या राज्याने पाहिलं. त्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर पावसाळी मनाई आदेश काढले. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कुठलीही असो, थांबायचं. सह्याद्रीतल्या ओढ्यांचं पाणी जसं झपाट्याने चढतं, तसंच पाऊस थांबल्यावर उतरतंही. अनेकदा तासाभराची वाट पुरते.

उथळ, स्थिर पाण्यातून जायचंच असेल तर तळ स्पष्ट दिसत असावा. फोर-एल, पहिला गिअर, चालण्याच्या गतीने, न थांबता. इंजिन मधेच बंद पडलं तर पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि इंजिनाचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

रुतली तर

दोन-तीन सेकंदांत गाडी हलली नाही, तर ॲक्सिलरेटर सोडा. चाक जेवढं गरगरेल तेवढं खाली जातं. उतरून चाकांच्या पुढचा-मागचा गाळ काढा, सपाट दगड, फांद्या, पेंढा किंवा गाडीतल्या रबरी चटया घाला. टायरमधली हवा थोडी कमी केली, उदाहरणार्थ ३२ पौंडांवरून २२ वर आणली, तर टायर पसरतो आणि पकड वाढते. पण हवा भरायचा पंप सोबत असेल तरच. कमी हवेवर महामार्गावर गेलात तर टायर तापून फुटू शकतो.

ओढून काढताना सगळ्यात जास्त इजा दोरामुळे होते. ताणलेला दोर किंवा त्याचा हूक सुटला तर तो गोळीसारखा मागे येतो. दोर फक्त गाडीच्या ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच बांधावा, बंपरला नाही. वायर रोपने झटके देऊ नयेत. दोरावर मधोमध जाडं कापड किंवा पोतं टाकावं. आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कुणी उभं राहू नये. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनी तर नाहीच.

मागचा सायलेन्सर चिखलात बुडालेला असताना, काचा लावून, इंजिन चालू ठेवून एसीत बसणं जिवावर बेतू शकतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही पहिली लक्षणं. ती जाणवताच इंजिन बंद करून सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं.

साचलेल्या गाळात उतरताना पायात बूट असावेत आणि जखम झाकलेली असावी. जनावरांच्या, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना चिखलात उतरल्याचं आवर्जून सांगावं. गाडी उलटून कुणाच्या मानेला-पाठीला मार लागला असेल, तर आग किंवा पाण्याचा धोका नसल्यास त्याला ओढून बाहेर काढू नये. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांची मदत मिळते. डोंगरातल्या अपघातांना लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक धावून जातात. दर पावसाळ्यात त्यांच्यावरचा भार वाढतो आणि त्यातले कित्येक प्रसंग टाळता येण्यासारखे असतात.

तो रस्ता कुणाचा?

राजमाचीच्या वाटेवर आपण सुट्टीला जातो. गडाखालच्या उधेवाडीच्या लोकांसाठी ती बाजाराची, शाळेची आणि दवाखान्याची वाट आहे. पावसाळ्यात एकामागून एक जड गाड्या चाकं गरगरवत गेल्या की चाकोऱ्या खोल होतात, त्यांत पाणी साठतं आणि पुढच्या पावसात तोच भाग ओहोळ होऊन वाहतो. आठवड्याच्या मधे, रात्री, तापाने फणफणलेल्या मुलाला किंवा कळा सुरू झालेल्या बाईला घेऊन निघालेल्या जीपला त्याच चाकोऱ्यांतून जायचं असतं. मावळात फोर-व्हीलची खरी गरज त्या जीपला आहे.

चाक गरगरलं की गाडी रुततेच, शिवाय रस्ताही उखडतो. म्हणून वेळेवर दांडा टाकणारा आणि हलक्या पायाने चालवणारा चालक स्वतःची गाडी वाचवतो आणि मागून येणाऱ्याचा रस्ताही. आपल्या चाकांमुळे वाट चिघळते आहे असं दिसलं, तर गाडी खाली लावून चालत जाणं हाही चांगल्या चालकाचाच निर्णय असतो.

थोडक्यात

– पक्क्या रस्त्यावर टू-एच, पाऊस असला तरी. ऑल-व्हील ड्राइव्हची गोष्ट वेगळी.
– चिखल, सुटी खडी दिसताच, शिरण्याआधी फोर-एच. सरळ रेषेत, पाय उचलून.
– तीव्र चढ-उतार आणि दगडांआधी थांबून फोर-एल. उतारावर क्लच दाबायचा नाही.
– पुन्हा डांबर लागण्याआधी, मातीवरच टू-एच.
– वाहत्या पाण्यात कुठल्याच गिअरमध्ये शिरायचं नाही.
– थांबायचं अंतर फोर-व्हीलने कमी होत नाही. ते फक्त वेग कमी केल्याने कमी होतं.